दुबईत राहायला गेल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून नोकरीसाठी दुबईला निघालेल्यांचे प्रश्न बहुतेक धास्तीचे असतात. उकाडा सोसेल का, पगार पुरेल का, कायदे फार कडक आहेत का? त्यांची उत्तरं खाली आहेतच. पण इथं राहणाऱ्याला जी सुखं मिळतात त्यांच्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही, आणि एखादी साधी गोष्ट वेळेवर न कळल्यामुळे ती हुकतात. म्हणून हे पान. रकमा दिरहॅममध्ये आहेत. सरकारी शुल्कं बदलतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी त्या त्या खात्याच्या ॲपवर एकदा पाहून घ्या.

कोणत्या महिन्यात यावं?

निवड तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तिथून मार्चअखेरपर्यंत हवा इतकी छान असते की पहिल्यांदा येणाऱ्याला खरं वाटत नाही. जानेवारीत दुपारी २४-२५ अंश आणि पहाटे १४-१५ अंश असतं. बागेत, समुद्रावर, इमारतीखालच्या बाकावर माणसं दिसतात, ओळखी होतात, मुलांना खेळायला सोबती मिळतात. जूनमध्ये आलेल्या कुटुंबाला पहिले चार महिने घर, गाडी आणि मॉल एवढंच शहर दिसतं आणि त्याच मनःस्थितीत घर, शाळा, वस्ती यांचे निर्णय घेतले जातात. ते निर्णय पुढं बदलावे लागतात.

अडचण शाळेची. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. त्यामुळे बरीच कुटुंबं मार्चअखेर येतात आणि सहा-सात आठवड्यांत उन्हाळ्याच्या तोंडी सापडतात. मुलं प्राथमिक वर्गात असतील तर वर्षाच्या मध्ये प्रवेश मिळतो का ते शाळेला विचारा. आमचं मत, मिळत असेल तर घ्या. खासगी शाळांत अरबी नववीपर्यंत अनिवार्य असते, पण नवख्या मुलांसाठी तो विषय अगदी अ-आ-इ पासून शिकवतात. त्याची धास्ती घेऊ नका.

नवरा किंवा बायको आधी जाणार, बाकीचे नंतर. कागदपत्रं कुठं अडकतात?

विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले इथं अडकतात. संयुक्त अरब अमिरात अपॉस्टिल करारात (परदेशी कागदपत्रं एकाच शिक्क्यावर मान्य करायच्या आंतरराष्ट्रीय करारात) नाही, म्हणून नुसता अपॉस्टिलचा शिक्का चालत नाही. क्रम असा: आधी महाराष्ट्र शासनाच्या पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा भारतातला दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि शेवटी दुबईत तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. पदवीचंही असंच, पण नोकरीच्या प्रकारानुसार.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावातल्या फरकामुळे. लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नवऱ्याचं, दाखल्यावर 'सौ.' लावलेलं, आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे. साक्षांकनाला देण्यापूर्वीच पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि दुरुस्ती भारतातच करून घ्या. तिकडून करायला गेलात तर दोन-तीन महिने सहज जातात.

कुटुंबाला आणण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, एवढा लागतो.

घरभाडं म्हणजे लूट आहे असं ऐकतो. यात सुखद काय असणार?

भाडं जास्त आहे, हे खरंच. पण भाडेकरूला इथं जेवढं कायद्याचं संरक्षण आहे तेवढं आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारात मिळत नाही.

भाडेवाढ घरमालकाच्या मर्जीवर नसते. २०१३ च्या ४३ व्या आदेशात टप्पे ठरलेले आहेत. तुमचं भाडं त्या भागातल्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य. ११ ते २० टक्के कमी असेल तर जास्तीत जास्त ५ टक्के, २१ ते ३० ला १०, ३१ ते ४० ला १५ आणि त्याहून कमी असेल तर २० टक्के. शिवाय करार संपायच्या ९० दिवस आधी कळवलं नाही तर त्या वर्षी वाढ मागता येत नाही. दुबई भूमी खात्याच्या संकेतस्थळावर भाडं तपासायचं साधन आहे. जानेवारी २०२५ पासून त्यात इमारतीच्या दर्जाचाही विचार होतो. घरमालकाचा निरोप आला की आधी तिथं आकडे टाकून पाहा, मग उत्तर द्या.

आता पैशांचा हिशेब. भाडं वर्षाचं असतं आणि पुढच्या तारखांच्या धनादेशांनी देतात: एक, दोन, चार, कधी त्याहून जास्त. धनादेश जितके कमी तितकं भाडं घासाघिशीत खाली येतं. बिनफर्निचरच्या घराला ५ टक्के अनामत, फर्निचरसह असेल तर १०. दलाली साधारण ५ टक्के. वीज-पाण्याची अनामत फ्लॅटसाठी २,००० आणि व्हिलासाठी ४,०००. म्हणजे ६०,००० चं घर चार धनादेशांत घेतलंत तरी किल्ली मिळण्याआधी १५,००० चा पहिला हप्ता, ३,००० अनामत, ३,००० दलाली आणि २,००० वीज-पाणी मिळून २३,००० हाताशी हवेत. धनादेशाच्या तारखेला खात्यात पैसे ठेवा. न वटलेल्या धनादेशावर थेट वसुलीची कारवाई होऊ शकते.

करारावर सही झाली की 'इजारी', म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, लगेच करा. तो क्रमांक मिळाल्याशिवाय वीजजोडणी होत नाही, कुटुंबाच्या व्हिसालाही तो लागतो आणि भाड्याच्या तंट्यात तोच तुमचा पुरावा असतो.

घर पाहताना दोन गोष्टी विचारा. खिडक्या पश्चिमेला आहेत का? असतील तर उन्हाळ्यात ती खोली दुपारी तीननंतर भट्टी होते. आणि १६ एप्रिल २०२४ ला इमारतीत पाणी शिरलं होतं का? त्या दिवशीचा पाऊस या देशात १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा होता. अल ऐन परिसरात एका ठिकाणी २५४.८ मिलिमीटर नोंदला गेला. तळघरातल्या गाड्या बुडाल्या. गाडीच्या विम्यात पुराचं कलम आहे ना, हे तेव्हापासून इथला प्रत्येक जाणता माणूस वाचून बघतो.

एसी दिवसरात्र चालतो म्हणजे बिल किती येणार?

वीज महाग नाही. घरगुती वापराला पहिल्या २,००० युनिटपर्यंत २३ फिल्स (दिरहॅमचे शंभर फिल्स) युनिट, वर इंधन अधिभार आणि ५ टक्के व्हॅट. पण त्याच बिलात आणखी एक ओळ असते: गृहशुल्क, वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, बारा महिन्यांत विभागून. ६०,००० च्या घराला महिना २५०. नवीन माणूस हे पाहून वीज जास्त जळली असं समजून दिवे बंद करत फिरतो.

दुसरी गोष्ट एसीची जात. काही इमारतींत एसी तुमच्या विजेवर चालतो. काहींत थंड पाणी बाहेरच्या कंपनीकडून येतं आणि तिचं वेगळं बिल. त्यात वापराशिवायही भरावा लागणारा स्थिर आकार असतो. काहींत हा खर्च घरमालक उचलतो, त्याला 'चिलर फ्री' म्हणतात. हजार-दोन हजारांनी महाग दिसणारं चिलर फ्री घर वर्षाअखेरीस स्वस्त पडतं. सही करण्यापूर्वी जुन्या भाडेकरूचं ऑगस्टचं बिल मागून पाहा.

एसी २४ अंशांवर ठेवा. २० वर लावला तर खोली जास्त लवकर थंड होत नाही, फक्त यंत्र थांबत नाही. गाळणी दर दोन आठवड्यांनी धुवा. इथली बारीक वाळू ती पंधरा दिवसांत बुजवते आणि मग एसी थंडावा देत नाही म्हणून तक्रारी सुरू होतात.

उन्हाळ्यात थंड नळालाही कढत पाणी येतं म्हणे. आंघोळ कशी करायची?

गीझर बंद करून. ही इथली जुनी, पक्की युक्ती.

पाणी गच्चीवरच्या टाकीत तापतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर निळ्या बाजूच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. गीझर मात्र घरात, बहुधा न्हाणीघराच्या माळ्यावर, एसीच्या गारव्यात असतो. त्याची वीज बंद ठेवली की आत साठलेलं पाणी खोलीच्या तापमानाला येतं. म्हणजे लाल बाजू गार आणि निळी गरम. साधारण मेच्या मध्यावर बटण बंद करा, एक दिवस जाऊ द्या आणि दोन्ही नळ उलट समजून वापरा. गीझरची टाकी बहुधा ५० लिटरची असते. ती संपली की मागून गच्चीवरचंच पाणी येणार, म्हणून आंघोळींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. लहान मुलांना आधी हात घालून पाहायला शिकवा. पाहुणे आले तर त्यांना सांगा.

पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. मोजणी इम्पिरियल गॅलनमध्ये होते, एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर. केंद्रातून निघालेलं पाणी पिण्यालायक असतं, पण इमारतीची टाकी कधी साफ केली यावर पुढचं अवलंबून. बहुतेक घरांत पिण्यासाठी पाच गॅलनची बाटली किंवा गाळणी असते.

मिक्सर, कुकर आणावा का? आणि स्वयंपाकघरात काय मिळणार नाही?

मिक्सर बिनधास्त आणा. वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. अमेरिकेला जाणाऱ्याला जे टाकून जावं लागतं ते इथं चालतं. फक्त प्लग बदलावा लागतो: इथं तीन चौकोनी पायांचा, आत फ्यूज असलेला ब्रिटिश प्लग. आपला गोल पायांचा प्लग खटपट करून त्यात घुसवतात. पाय सैल बसतो, ठिणगी उडते, सॉकेट काळं पडतं. नवा प्लग पाच-सात दिरहॅमला मिळतो, तो लावून घ्या. मिक्सरला ५ अँपियरचा फ्यूज ठीक. इस्त्री, ओव्हन, हीटरला १३ चा.

सामानाचं म्हणाल तर बर दुबईचा मीना बाजार आणि करामा इथं पोहे, साबुदाणा, भगर, कोकम, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, अळूची पानं, गवार, सगळं मिळतं. हापूस एप्रिल-मेमध्ये विमानानं येतो. घाऊक भाजीसाठी देराचं वॉटरफ्रंट मार्केट चांगलं, मासळीही तिथेच. सुरमई, पापलेट, कोळंबी ताजी मिळते, साफ करून देतात.

एक नवी गोष्ट चाखाल ती 'रुतब'. आपल्याला खारीक आणि वाळलेला खजूर माहीत. मधली अवस्था माहीत नसते. जून-जुलैपासून अर्धा पिकलेला, एका टोकाला मऊ मधासारखा आणि दुसऱ्याला करकरीत असा ताजा खजूर बाजारात येतो. खोलीत दोन दिवसांत आंबतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा. जास्त घेतला तर डबा भरून गोठवा, महिनोन्‌महिने टिकतो.

मग बॅगेत काय मुळीच घालू नये?

खसखस. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि यात सवलत नाही. अडचण अशी की नुसती खसखसची पुडी कोणी नेत नाही, ती लपून जाते: अनारशांवर, आईच्या हातच्या गोडा मसाल्यात, डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांत, काळ्या वाटणात. निघताना प्रत्येक डब्याबद्दल घरी विचारा, 'यात खसखस आहे का?' शंका असेल तर डबा मागे ठेवा. अनारसे तिळावर थापा, गोड्या मसाल्यात तीळ वाढवा. चव थोडी बदलते, चालते. गुटखा आणि पानमसाल्याच्या पुड्याही नकोत.

औषधांचंही तसंच. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, प्रीगाबालिन ही नियंत्रित औषधं आहेत. आई-बाबा भेटीला येताना झोपेची किंवा मज्जातंतूच्या दुखण्याची गोळी सहज घेऊन येतात. अशा गोळ्यांसाठी सरकारी संकेतस्थळावर आधी परवानगी घ्यावी लागते. सोबत डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन हवंच. साधी रक्तदाब-मधुमेहाची औषधंसुद्धा चिठ्ठीसह आणि वेष्टनातच ठेवा.

गाडीशिवाय राहता येतं का?

मेट्रोच्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांत घर असेल तर आरामात. मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली, चालकाविना धावते, स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो. प्रवासाचं नोल कार्ड २५ दिरहॅमला, त्यात १९ शिल्लक. साध्या डब्याचं भाडं अंतराप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात. रोजचा प्रवास असेल तर सर्व विभागांचा ३० दिवसांचा पास ३५० ला मिळतो. मेट्रोतून उतरून ३० मिनिटांत बस पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो. उतरताना कार्ड लावायला विसरलात तर मात्र पूर्ण भाडं कापलं जातं. डब्यात खाणंपिणं, च्युइंगगमसुद्धा, १०० दिरहॅमचा दंड. रविवारी पहिली गाडी सकाळी ८ ला, हे विमानाला निघालेल्यांनी लक्षात ठेवावं.

खाडी ओलांडायची लाकडी होडी, अब्रा, अजून एका दिरहॅममध्ये नेते. सुटे जवळ ठेवा. संध्याकाळी बर दुबईहून देराला जाताना अंगावर येणारा वारा हा या शहरातला सर्वांत स्वस्त आनंद असावा.

भारतातला गाडीचा परवाना चालतो का?

पर्यटक म्हणून आंतरराष्ट्रीय परवान्यावर चालवता येते. रहिवासी व्हिसा लागला की नाही. भारतीय परवाना थेट बदलून मिळत नाही. तो पाच वर्षांहून जुना असेल तर शिकवणीचे तास १०, दोन ते पाच वर्षांचा असेल तर १५, नवख्याला २०. मूळ परवाना सोबत आणा, नाहीतर नवखेच धरतात. भारतीयांना तास न घेता एकदाच थेट परीक्षा द्यायची संधीही मिळते. नापास झालात की शिकवणी लागते.

नापास होण्याची कारणं ठरलेली आहेत. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, त्यामुळे डावीकडे वळताना माणूस सवयीनं चुकीच्या मार्गिकेत शिरतो. मार्गिका बदलताना फक्त आरसा पाहतो, मान वळवून खांद्यामागे पाहत नाही. आणि चौकातल्या गोलात आत असलेल्याला आधी जाऊ देत नाही.

दुबईत वेगमर्यादेपेक्षा ताशी २० किलोमीटरहून जास्त वेग झाला की कॅमेरे टिपतात. अबुधाबीत ही सूट ऑगस्ट २०१८ मध्ये काढली. हद्द ओलांडली की पाटीवरचा आकडा म्हणजे तोच आकडा. सालिक टोल जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून गर्दीच्या वेळी ६, एरवी ४ आणि मध्यरात्री १ ते सकाळी ६ फुकट.

बाईमाणसानं रात्री एकटीनं फिरणं?

फिरतात. रात्री बारा वाजता किराणा आणणं, दीडला टॅक्सीनं घरी येणं, मैत्रिणींबरोबर समुद्रावर चालणं ही इथं नेहमीची गोष्ट आहे. भारतातून आलेल्या बऱ्याच स्त्रिया या एका गोष्टीसाठी परत जायला तयार नसतात, आणि आम्हाला ते पुरेपूर पटतं.

शहराचा दिवसच मुळी सूर्यास्तानंतर सुरू होतो. २०२३ मध्ये जुमेरा २, जुमेरा ३ आणि उम्म सुकीम १ इथं रात्री पोहायचे किनारे सुरू झाले: मोठे दिवे, जीवरक्षक हजर. ऑगस्टमध्ये रात्री दहाला पाणी कोमट असतं, पण मुलांना तेच हवं असतं. येताना रस्त्याकडेच्या कॅफेटेरियासमोर गाडी थांबवली की करक, म्हणजे कडक दुधाचा, चहा गाडीपाशी आणून देतात.

वाळवंटात कढीपत्ता, मेथी, तुळस लागते का?

इतकी छान लागते की विचारू नका. फक्त ऋतू उलटा धरा. आपल्याकडे पावसाळा पेरणीचा, इथं ऑक्टोबरचा मध्य. तिथून मार्चपर्यंत ऊन कोवळं, रात्री गार, ढग क्वचित. मेथी तीन-चार आठवड्यांत काढायला येते. कोथिंबीर, पालक, मुळा, टोमॅटो, मिरची गच्चीत उत्तम येतात.

कुंडी प्लास्टिकची किंवा चकाकी दिलेली घ्या. मातीची उघडी कुंडी चहूबाजूंनी वाळते आणि मुळं भाजतात. मिश्रण साधारण दोन भाग गोडी (मीठ नसलेली) वाळू, दोन भाग कोकोपीट, एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट. बाहेरची वाळू उचलून आणू नका, तिच्यात मीठ असतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन झाड बसतं. कोकोपीट वापरण्यापूर्वी दोनदा पाण्यात भिजवून पिळा. पाणी सकाळी, कुंडीच्या तळातून थोडं गळेपर्यंत, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. थेंब थेंब शिंपलं तर क्षार वरच साचतात आणि मातीवर पांढरी साय दिसते.

मेपासून कढीपत्ता आणि तुळस पश्चिमेच्या उन्हातून हलवा. तुळस एसीच्या झोतात ठेवलीत तर आठवड्यात पानं गाळते; खिडकीच्या आत, सकाळचं ऊन मिळेल आणि वारा थेट येणार नाही अशी जागा शोधा. मंजिऱ्या खुडत राहा.

एप्रिलमध्ये कुरडया-सांडगे दोन दिवसांत कडकडीत वाळतात. वर मलमल बांधा, वाळू उडते. कपडे मात्र रस्त्यावरून दिसतील असे गॅलरीत वाळत घालायला पालिकेची मनाई आहे. कठड्याच्या खाली राहील असा घडीचा स्टँड वापरा.

फिरायला मॉलखेरीज काय?

शहराच्या मधोमध, गगनचुंबी इमारतींच्या पायाशी, रास अल खोर हे पाणथळ अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं शेकडो रोहित पक्षी असतात. उजनीवर किंवा शिवडीच्या खाडीत जे पाहायला पहाटे उठून जायचात ते इथं मेट्रोच्या गावात, फुकट, निरीक्षणगृहात बसून दिसतं. २००७ पासून ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, जागा आहे. भरतीची वेळ पाहून जा. ओहोटीला पक्षी लांब जातात.

अल कुद्रा तळ्यांकडे सायकलींसाठी डांबरी मार्ग आहे, वाळूच्या टेकड्यांमधून जाणारा. पहाटे पाचला निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, मागे दिवा लावा. परतीला समोरून वारा येतो, हे गृहीत धरून अर्ध्या दमावर वळा.

हत्ता साधारण १३० किलोमीटर. हजर पर्वताच्या कुशीत धरण, होड्या, पायवाटा. जुना थेट रस्ता ओमानच्या तुकड्यातून जातो आणि तिथं तपासणीनाका आहे. म्हणून म्लेहावरून जाणारा मार्ग धरा. रास अल खैमातला जबल जैस १,९३४ मीटर. वर शहरापेक्षा आठ-दहा अंश गार, डिसेंबरात स्वेटर लागतोच. सह्याद्रीच्या माणसाला हे डोंगर आधी उघडेबोडके वाटतात, पण कातळाचे रंग सूर्यास्ताला पाहिले की मत बदलतं.

पाऊस असेल तर दऱ्यांत, म्हणजे 'वादी'त, शिरू नका. वर कुठंतरी पडलेलं पाणी कोरड्या पात्रात मिनिटांत येतं. पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २,००० दंड, परवान्यावर २३ काळे (दोषाचे) गुण आणि ६० दिवस गाडी जप्त.

वाळूत गाडी घालायची आहे. कुठून सुरुवात?

चारही चाकांना जोर असलेली गाडी आणि किमान दोन गाड्या, यापेक्षा कमीत जाऊ नका. वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा; टायर पसरतो आणि गाडी तरंगते. पूर्ण हवेनं गेलात तर पहिल्या पन्नास मीटरांत रुतता. ब्रेक कमी वापरा, वाळूच गाडी थांबवते. थांबायचं तर उताराकडे तोंड करून. कमी हवेत एकदम स्टिअरिंग वळवलं की टायर रिमवरून उतरतो, नवख्यांचा सर्वांत नेहमीचा अपघात हाच.

रुतलात की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते. चाकांपुढची-मागची वाळू उकरा, हवा १० ते १२ पर्यंत आणा आणि आलेल्या चाकोरीतून हळू मागे घ्या. लागणारं सामान: फावडं, दाबमापक, हवेचा पंप, ओढपट्टा आणि माणशी पाच लिटर पाणी. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ३२ ते ३५ पर्यंत हवा भरायची. तशाच मऊ चाकांवर १२० नं निघालात तर टायर तापून फुटतो.

गणपती, देऊळ, मंडळ?

जबल अलीचं नवं हिंदू मंदिर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुलं झालं. सोळा देवता आहेत, शेजारीच गुरुद्वारा. बर दुबईतलं जुनं शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये तिकडेच हललं. अबुधाबीचं दगडी बीएपीएस (स्वामीनारायण) मंदिर १४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटित झालं. पूजेची फुलं, दूर्वा, नारळ बर दुबईतल्या जुन्या गल्लीत मिळतात.

घरचा गणपती थाटात बसतो. मूर्ती शाडूची आणि लहान घ्या, विसर्जन घरी बादलीत करा, उरलेली माती तुळशीच्या कुंडीत. आरतीचा आवाज भिंतीपलीकडे जाणार नाही इतपत.

एक इशारा मनापासून: वर्गणी गोळा करू नका. परवानगीशिवाय देणग्या जमवणं इथं गुन्हा आहे, मग तो व्हॉट्सॲप गटावर आजारी माणसासाठी का असेना. उत्सव करायचा तर महाराष्ट्र मंडळासारख्या रीतसर संस्थेच्या कार्यक्रमात सामील व्हा. मदत करायची तर परवानाधारक संस्थेमार्फत.

घरी फोन?

व्हॉट्सॲपवर संदेश जातात, आवाजी आणि व्हिडिओ कॉल लागत नाहीत. बॉटिम, झूम, गूगल मीट चालतात. निघण्यापूर्वी आई-बाबांच्या फोनवर यातलं एक बसवून त्यांच्याकडून दोनदा लावून घ्या. वेळेचा फरक फक्त दीड तास; रात्रीच्या जेवणाच्या गप्पा चुकत नाहीत.

नोकरीच्या नियमांत चांगलं असं काय आहे?

पगारावर आयकर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. बाकीचं कमी माहीत असतं. रमजानमध्ये खासगी नोकरीचे तासही रोज दोन कमी होतात, उपवास असो वा नसो. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन, पुढं ३० दिवसांचं. ती मूळ वेतनावर असते, म्हणून पगार ठरवताना भत्ते फुगवून मूळ वेतन खाली ठेवलेलं आहे का ते पाहा.

२०२३ पासून नोकरी गेल्यावरचा विमा अनिवार्य आहे. मूळ वेतन १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहॅम, त्यापुढे १०, अधिक व्हॅट. तो तुम्हीच काढायचा असतो. विसरलात तर दंड. भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या आणि पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) उघडा; अनिवासी झाल्यावर जुनं खातं तसंच चालवणं नियमाला धरून नाही.

उन्हाळ्यात महिनाभर गावी जायचंय. घर बंद करताना?

एसी पूर्ण बंद करू नका. हे वाळवंट समुद्राकाठचं आहे, ऑगस्टची हवा ओली असते. बंद घरात ती शिरून गार भिंतींवर, कपाटांत बुरशी धरते. पैठणी, चामड्याच्या चपला, पुस्तकं हातची जातात. २६-२७ अंशांवर स्वयंचलित ठेवा, कपाटांची दारं किलकिली ठेवा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा.

उकाडा संपत आल्याचं कसं कळतं?

इथले लोक २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे दक्षिणेकडच्या क्षितिजालगत 'सुहैल' तारा शोधतात. तो दिसला की ऋतू कलला. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती, ज्याच्या उदयानं पावसाचं गढूळ पाणी निवळतं असं आपण म्हणतो. पुण्यातून तो क्षितिजावर जेमतेम १९ अंश चढतो, इथून १२ च. त्यामुळे समोर इमारती नसलेला समुद्रकिनारा किंवा माळ हवा, आणि वेळ सूर्योदयाच्या सुमारे तासभर आधीची.

त्या दिवसापासून लगेच गार होत नाही. सप्टेंबर दमटच जातो. आधी रात्रीचं तापमान उतरतं, मग पहाटेचं धुकं दिसू लागतं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर गॅलरीचं दार उघडं ठेवता येतं. नोव्हेंबरात एक दिवस निळ्या नळाचं पाणी गार लागेल. तेव्हा गीझर पुन्हा सुरू करा. उन्हाळाभर साठलेलं पाणी आधी ६० अंशांपर्यंत तापवून पूर्ण सोडून द्या, कारण कोमट साठ्यात जंतू वाढतात. त्यानंतरच आंघोळीला घ्या.